गोडाऊन बंद करताना: रॅक भंगारात न घालता दुसऱ्या जागी कसे उभे करायचे

भिवंडीत माणकोलीपासून वडप्यापर्यंत कुठल्याही वजनकाट्यावर तासभर उभं राहा. रॅकचे निळे खांब आणि नारिंगी बीम (खांबांमध्ये अडकवायचे आडवे दांडे) गॅस कटरने तुकडे करून ट्रकमध्ये कोंबलेले दिसतील. त्यातल्या बऱ्याच मालाला साधा पोचाही नसतो. गोडाऊन सोडायची तारीख जवळ आली, मालकाने ताबा मागितला, कोणी भंगारवाल्याला फोन केला आणि अजून कितीतरी वर्षं काम देणारं पोलाद किलोच्या भावाने गेलं. हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलं आहे की शेवटी हा लेख लिहायला बसलो.

गोडाऊन बंद होण्यात नवल काही राहिलेलं नाही. भिवंडी वाढली तीच मुळी मुंबईच्या जकात नाक्याच्या बाहेर माल ठेवता यावा म्हणून. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. राज्याराज्यात एकेक डेपो ठेवायचं कारणही त्याच्याबरोबर गेलं. तेव्हापासून चार छोटे गाळे सोडून एका मोठ्या शेडमध्ये जाणं सतत चालू आहे. म्हणजे एका बाजूला रॅक निघतात आणि त्याच सुमारास दुसऱ्या बाजूला कोणीतरी नवे रॅक मागवत असतं.

माझा पहिला अनुभव वाईट होता. काल्हेरचं गोडाऊन सोडून सामान चाकणला नेलं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे रॅक होते आणि उतरवणाऱ्यांनी सगळे बीम एकाच ढिगात भरले. चाकणला पोचल्यावर कळलं की एकाच्या बीमचे हुक दुसऱ्याच्या खांबाच्या भोकात बसत नाहीत. एकाच्या भोकांमधलं अंतर ५० मिमी होतं, दुसऱ्याचं ७५. नुसतं वेगळं करण्यात आठवडा गेला. बीम खांबातून निसटू नये म्हणून लावायच्या लॉक पिनांची गोणी तर सापडलीच नाही. रॅकवर किती वजन चालतं ते सांगणारा बोर्ड जुन्या भिंतीवर राहिला होता, तो कोणी काढून फेकून दिला. पोलाद उत्तम होतं, पण ते कोणाचं, कुठल्या मापाचं, किती वजनाचं हे सांगणारं काहीच उरलं नव्हतं. रॅकची ओळख हरवली की तो भंगार होतो, मग गॅस कटर लावा किंवा लावू नका. खालचं सगळं काम ही ओळख जपण्यासाठीच आहे.

तीन महिने आधी: कागद आणि माणसं

सुरुवात भाडेकरारापासून करा. लिव्ह अँड लायसन्सच्या कागदात तीन गोष्टी शोधा: नोटीस किती दिवसांची, लॉक-इन (ज्या काळात जागा सोडता येत नाही तो) संपलं का, आणि जागा ‘पूर्ववत’ करून देण्याबद्दल काय लिहिलं आहे. या ‘पूर्ववत’ शब्दावर डिपॉझिटचे सगळ्यात जास्त वाद होतात. तुम्ही टाकलेलं मेझनिन, म्हणजे मधला माळा, काढायचं की ठेवायचं, रॅक फरशीला पक्के करणाऱ्या अँकर बोल्टची भोकं कशाने भरायची, ऑफिसचं पार्टिशन कोणाचं, हे मालकाशी आत्ताच बोलून ईमेलवर लिहून घ्या. पुढचा भाडेकरूही गोडाऊनवालाच असेल तर मालकाला रॅक जागेवरच ठेवायला आवडेल. रॅकचा सगळ्यात चांगला पुनर्वापर म्हणजे तो न हलवणं. हे आधी विचारायचं सुचत नाही म्हणून कित्येक रॅक उगाच उतरतात.

तारीख ठरवताना पावसाळा टाळा. जून ते सप्टेंबर उघड्या ट्रकमधून पावडर कोटिंग केलेले रॅक नेले तर जिथे जिथे खरचटतं तिथे गंज धरतो. कामवारी नदीला पूर आला की भिवंडीच्या सखल गल्ल्यांमध्ये ट्रकही आत येत नाही.

मग माणसं. कामाला माथाडी टोळी असेल तर १९६९ च्या माथाडी कायद्याखालच्या मंडळाशी हिशेब शेवटच्या महिन्यापर्यंत चुकता झाला पाहिजे, मजुरी आणि मंडळाची लेव्ही दोन्ही. मुकादमाला बातमी गेटवर आलेल्या ट्रकवाल्याकडून कळू देऊ नका. त्याला बसवून स्वतः सांगा, टोळीला नव्या जागी किंवा शेजारच्या गोडाऊनला काम मिळवून देता येईल का ते बघा. वर्षानुवर्षं तुमचा माल ज्यांनी डोक्यावर वाहिला त्यांच्याबाबत एवढं तरी करायलाच हवं. शिवाय कुठली पॅलेट कुठल्या खणातून कधी आपटली होती हे त्यांनाच माहीत असतं. आमच्या एका खांबाचा मागच्या बाजूचा पोचा मला मुकादमाने दाखवला, ऑडिटवाल्याने नाही.

सरकारी बाजू थोडक्यात. ही जागा जीएसटी नोंदणीत ‘अतिरिक्त व्यवसायस्थळ’ म्हणून असेल तर ती काढायचा बदल १५ दिवसांत कळवावा लागतो. पण शेवटचा ट्रक निघेपर्यंत ती काढू नका, नाहीतर त्या पत्त्यावरून चलन काढताना अडचण होते. अन्नपदार्थ किंवा औषधं ठेवत असाल तर त्या पत्त्याचे परवाने परत करा. वीजमीटर कायमचा बंद करायचा अर्ज द्या आणि सुरक्षा ठेव मागा. अर्ज राज्यात बहुतेक ठिकाणी महावितरणकडे जातो, भिवंडीत २००७ पासून वितरण टोरंट पॉवरकडे आहे. मीटर मात्र रॅक उतरेपर्यंत चालू हवा, अंधारात हे काम करायचं नसतं. हिशेबाची कागदपत्रं त्या त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची असतात. त्यामुळे माळ्यावरची जुनी खोकी टाकून देऊ नका, त्यांच्यावर वर्ष लिहून हलवा. सीसीटीव्हीचा डीव्हीआर, स्कॅनर, राउटर यांतला डेटा पुसूनच ते बाहेर जाऊ द्या.

गणती: रॅक उभा असतानाच करायची

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि सगळ्यात जास्त टाळला जाणाराही आहे. माल भरलेला असताना, घाई सुरू व्हायच्या आधी एक दिवस काढा. सोबत मापपट्टी, मार्कर, मोबाइल आणि एक जाड फाईल घ्या.

प्रत्येक रांगेला अक्षर द्या, रांगेतल्या प्रत्येक खणाला आकडा. फ्रेम म्हणजे तिरक्या पट्ट्यांनी जोडलेली खांबांची जोडी. खण म्हणजे दोन फ्रेममधली जागा, साइटवर तिला सगळे बे म्हणतात. अ-१, अ-२ असं मार्करने खांबाच्या आतल्या बाजूला लिहा, बाहेर लिहिलेलं घासून जातं. मग मापं: फ्रेमची उंची आणि खोली, खांबाची रुंदी व पत्र्याची जाडी, भोकांमधलं अंतर, बीमची लांबी आणि त्याच्या पेटीची उंची, प्रत्येक मजला जमिनीपासून किती वर. खांबावर किंवा बीमच्या टोकावर कंपनीचं नाव ठसवलेलं असतं, त्याचा फोटो. वजनाच्या बोर्डाचा फोटो, आणि बोर्ड तेव्हाच काढून फाईलमध्ये. मूळ ड्रॉइंग सापडत नसेल तर कंपनीकडे मागा, बिल नंबर दिला की बहुतेक वेळा मिळतं.

गणिताचं एक उदाहरण. सलग १० खणांची, ४ मजल्यांची एक रांग धरा. एका मजल्याला पुढचा-मागचा असे २ बीम, म्हणजे ८० बीम. प्रत्येक टोकाला एक याप्रमाणे १६० लॉक पिना. फ्रेम मात्र १० नाही, ११. खांबांखालच्या बेसप्लेट २२, आणि प्लेटला दोन अँकर असतील तर ४४ अँकर. आता हीच रांग नव्या जागी ५-५ च्या दोन रांगांत उभी करायची असेल तर फ्रेम लागतील १२. एक फ्रेम कमी पडणार हे नव्या शेडमध्ये उभं राहून कळलं तर काम थांबतं. त्यामुळे नव्या जागेचं ड्रॉइंग आणि ही गणती एकाच दिवशी शेजारी ठेवून बघा.

बोर्डावरचं वजन वाचतानाही गफलत होते. ‘प्रति मजला २००० किलो’ म्हणजे बीमच्या जोडीवर सारखं पसरलेलं वजन, समजा १००० किलोची दोन पॅलेट. चार मजले भरले तर एका खणाचे ८००० किलो झाले. मधल्या फ्रेमवर डावीकडचा अर्धा आणि उजवीकडचा अर्धा, मिळून पुन्हा ८००० किलो येतात. बीम आणि फ्रेम दोघांची क्षमता वेगवेगळी लिहून ठेवा, कारण नव्या जागी मजले वाढवले तर बीम तेच राहतात पण फ्रेमवरचा भार वाढतो.

तपासणी: कुठला खांब पुढे जाणार, कुठला नाही

युरोपात रॅकच्या वापरासाठी ईएन १५६३५ नावाचं मानक आहे. आपल्याकडचे रॅक तपासणारेही बहुधा त्याच मापांवर चालतात. रीत सोपी आहे. एक मीटरची सरळ पट्टी घ्या आणि पोचा पट्टीच्या मध्याशी येईल अशी खांबाला लावा. पोचा बीमच्या दिशेने, म्हणजे रांगेच्या लांबीच्या दिशेने असेल तर पट्टी आणि खांब यांच्यातली फट ५ मिमीपर्यंत चालते. पोचा फ्रेमच्या खोलीच्या दिशेने असेल, म्हणजे फोर्कलिफ्टने समोरून ठोकलं असेल, तर मर्यादा फक्त ३ मिमी. फ्रेममधल्या तिरक्या ब्रेसिंगला १० मिमी. मर्यादेच्या आत असलेला भाग हिरवा. मर्यादा ओलांडली पण दुपटीच्या आत आहे तो पिवळा: रिकामा झाला की दुरुस्तीशिवाय पुन्हा भरायचा नाही. दुपटीच्या पुढे लाल: तिथला माल आत्ताच उतरवायचा.

३ मिमी म्हणजे फारच थोडं. लांबून बघितलं तर खांब सरळच वाटतो. म्हणून नजरेवर जाऊ नका, पट्टी लावा.

जमिनीपासूनचे पहिले दोन फूट बसून बघा. बहुतेक मार तिथेच लागतो आणि गंजही तिथेच असतो, कारण फरशी धुतलेलं पाणी बेसप्लेटमध्ये साठतं. गंज पोपडे होऊन निघत असेल, स्क्रू ड्रायव्हर टोचल्यावर पत्रा पातळ लागत असेल तर तो खांब गेला. वरवरचा लालसर थर ब्रशने निघत असेल तर प्रायमर मारून चालेल.

बीमसाठी दोन गोष्टी. २७०० मिमीचा बीम पूर्ण भरलेला असताना लांबीच्या दोनशेव्या भागापर्यंत, म्हणजे साडेतेरा मिमीपर्यंत झुकतो आणि ते मान्य आहे. पण रिकामा केल्यावर तो जवळपास सरळ झाला पाहिजे. रिकामा असूनही पोट दिसत असेल तर कधीतरी जास्त वजन पडलं आहे. दुसरं म्हणजे टोकाची हुकवाली पट्टी: वेल्डमध्ये केसाएवढी जरी चीर असली तरी बीम बाजूला. हुक वाकलेला असेल तरी बाजूला.

इथे एका गोष्टीवर मी ठाम आहे. वाकलेला खांब हातोड्याने किंवा गॅसने तापवून सरळ करायचा नाही, आणि तुटलेल्यावर पट्टी वेल्ड करायची नाही. हे खांब पातळ पत्रा थंड स्थितीत वाकवून बनवलेले असतात. त्यांची ताकद त्या घड्यांमध्ये आणि तशा वाकवण्यातून आलेल्या कणखरपणात असते. तापवलं की ती जाते. रंग मारला की वरून काही कळत नाही आणि दोन वर्षांनी कोणाच्या तरी डोक्यावर चौथ्या मजल्याचा माल येतो. ‘साहेब, आपला माणूस सरळ करून देतो’ असं सांगणारे भेटतील. त्यांना नको म्हणा. लाल फुली मारलेला तुकडा मात्र खरोखर कापून भंगारात जाऊ द्या, नाहीतर तो ढिगातून पुन्हा चांगल्यांत येतो.

माल काढणं

रॅक रिकामे करताना वरचे मजले आधी आणि खालचे शेवटी. रांगेच्या एका टोकापासून सुरुवात करून सलग पुढे जा, मधूनमधून खण रिकामे करू नका. न विकलेला, मुदत संपलेला, पाणी लागलेला माल वेगळा करा. त्याचा नाश करायचा असेल तर कागदासकट करा, त्यावरच्या इनपुट टॅक्स क्रेडिटचा (खरेदीवर भरलेल्या जीएसटीच्या वजावटीचा) प्रश्न तुमच्या सीएकडे आधीच न्या. शेवटची पॅलेट गेल्यावर पूर्ण गोडाऊन झाडून घ्या. कोपऱ्यात पडलेल्या लॉक पिना तेव्हा सापडतात.

उतरवणं: उभारणीच्या नेमका उलटा क्रम

रॅक उतरवताना अपघात होतात ते क्रम चुकल्याने. म्हणून हे सावकाश वाचा.

आधी रॅकला काय काय लागलेलं आहे ते बघा: दिव्यांच्या वायरी, केबल ट्रे, रॅकमधून गेलेली स्प्रिंकलरची पाइपलाइन. वीज त्या सर्किटवरून बंद करून कुलूप लावा. पाइपमधलं पाणी फायर एजन्सीकडूनच काढून घ्या. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली दर जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचा दाखला देणारी जी परवानाधारक एजन्सी असते, तीच. गोडाऊनमध्ये काहीही माल शिल्लक असेपर्यंत अग्निशामक सिलिंडर जागेवर राहू द्या.

खाली दोरी बांधून जागा अडवा. वर चढणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेट आणि आयएस ३५२१ चा शिक्का असलेला पूर्ण अंगाचा हार्नेस. वर जायला सिझर लिफ्ट, किंवा फोर्कलिफ्टला नीट पिनने लॉक होणारी माणसांसाठीची बास्केट. नुसत्या पॅलेटवर उभं राहून वर जाणारी माणसं मी पाहिली आहेत. काम थांबवा, लिफ्ट भाड्याने आणा. बीमवर पाय ठेवून चढणंही नाही.

मग मजल्यावरचे पत्रे, ग्रॅटिंग, जाळ्या काढा. त्यानंतर सगळ्यात वरचे बीम, एका टोकाच्या खणापासून. दोन माणसं दोन टोकांना. आधी दोन्ही लॉक पिना काढून कमरेच्या पिशवीत टाकायच्या, मग एकाच वेळी दोन्ही टोकं वर उचलायची. एकच टोक उचललं की दुसऱ्या टोकाचा हुक भोकात तिरका अडकतो आणि मग लोखंडी घण चालतो, तिथेच हुक वाकतात. अडकलाच तर खालून नायलॉनच्या किंवा रबरी हातोड्याने हलके ठोके द्या. काढलेला बीम फेकायचा नाही. आवाजापेक्षा मोठं नुकसान असं की टोकावर पडलेल्या बीमचा वेल्ड आतून तडकतो आणि दिसत नाही.

वरून खाली येत जा, पण प्रत्येक खणाचा सगळ्यात खालचा मजला शेवटपर्यंत राहू द्या. तोच फ्रेमला उभं धरतो. पाठीला पाठ लावलेल्या दोन रांगा असतील तर त्यांना जोडणारे तुकडेही फ्रेम खाली घ्यायच्या वेळीच काढा. आता टोकाची फ्रेम दोराने किंवा फोर्कलिफ्टच्या आधाराने धरा, तिचा खालचा बीम काढा, आणि मगच अँकरचे नट सोडा. अँकर आधी सोडायचे नाहीत. ‘सगळे नट सकाळीच सोडून ठेवू, दुपारी पटापट निघेल’ ही सूचना दर वेळी कोणीतरी करतं. सात-आठ मीटर उंच आणि एक मीटर खोल फ्रेम नट सोडल्यावर नुसत्या हाताच्या धक्क्याने कलते आणि शेजारच्या रांगेला घेऊन पडते.

फ्रेम खाली आली की ती सुटी करायची की अख्खी न्यायची हा प्रश्न येतो. अख्खी फ्रेम ट्रकमध्ये जागा जास्त खाते, पण ब्रेसिंगचे बोल्ट पुन्हा कसण्याचं काम वाचतं आणि तुकडे हरवत नाहीत. मुंबई-पुणे एवढं अंतर असेल तर मी अख्ख्याच नेतो. नागपूरला न्यायच्या असत्या तर सुट्या केल्या असत्या.

बांधणं आणि चिठ्ठी

एका मापाचे, एका कंपनीचे बीम एकत्र. दहा-बाराचा गठ्ठा, मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे, दोन ठिकाणी पट्टी, स्टीलची नको, प्लास्टिकची. गठ्ठ्याला प्लास्टिकच्या पाकिटात चिठ्ठी: ‘रांग अ, बीम २७००, १२ नग, हिरवा’. चिठ्ठी सुटते म्हणून तेच मार्करने वरच्या बीमवरही लिहायचं. लॉक पिना, बोल्ट, बेसप्लेटखालच्या शिम (उंची जुळवायच्या पातळ पट्ट्या) यांच्या वेगवेगळ्या गोण्या, त्यांवर रांगेचं नाव, आणि त्या गोण्या त्याच रांगेच्या फ्रेमच्या गठ्ठ्याला तारेने बांधलेल्या. काल्हेरनंतर मी ही एक गोष्ट कधीच चुकू दिली नाही.

अँकर मात्र गोळा करू नका. फरशीत ठोकून फुगलेला अँकर दुसऱ्यांदा धरत नाही. नव्या जागी नवे घ्या, यात काटकसर नको.

ट्रक बघून बोलवा. २० फुटी ट्रकची लांबी सहा मीटरच्या थोडी वर, त्यात आठ मीटरच्या फ्रेम बाहेर लोंबतात. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा जीव जायला तेवढं पुरतं. लांब फ्रेमला ट्रेलरच हवा.

कागद असे: एकाच जीएसटी नोंदणीखाली, राज्यातल्या राज्यात स्वतःचेच रॅक हलवत असाल तर डिलिव्हरी चलन लागतं, कर नाही. महाराष्ट्रात राज्यांतर्गत वाहतुकीला एक लाख रुपयांच्या वर ई-वे बिल, राज्याबाहेर ५०,००० च्या वर. दुसऱ्या राज्यातल्या तुमच्याच शाखेला पाठवलं तरी ती वेगळी नोंदणी धरली जाते आणि कर लागतो.

विकायचे असतील तर

नव्या जागी सगळे रॅक बसत नसतात. उरलेल्यांसाठी दोन भाव मागवा: एक किलोचा, एक पूर्ण संचाचा म्हणजे प्रति पॅलेट जागेचा. दुसऱ्या भावातून उतरवण्याचा आणि वाहतुकीचा खर्च कोण करणार ते स्पष्ट करून मगच तुलना करा. ड्रॉइंग, वजनाचा बोर्ड, तपासणीची यादी आणि क्रमांक असलेले गठ्ठे दाखवले की जुन्या रॅकचे व्यापारी वेगळ्या सुरात बोलतात, कारण त्यांनाही पुढे तेच दाखवून विकायचं असतं. मूळ खरेदीवर इनपुट टॅक्स क्रेडिट घेतलं असेल तर वापरलेल्या काळानुसार घटवलेलं क्रेडिट आणि विक्रीकिंमतीवरचा कर, यांतलं जे जास्त ते भरावं लागतं. हे भाव ठरवायच्या आधी सीएकडून काढून घ्या. लाल फुलीचा माल धातूचं भंगार म्हणून नोंदणीकृत व्यापाऱ्याला अडीच लाखांच्या वर विकत असाल तर १० ऑक्टोबर २०२४ पासून घेणारा जीएसटीचा २ टक्के टीडीएस कापतो, बिलात ते बघा. वजनकाट्यावर रिकामा आणि भरलेला ट्रक दोन्ही वेळा स्वतः हजर राहा.

भोकाभोकांच्या स्लॉटेड अँगलचे हलके रॅक विकण्यापेक्षा वाटायला चांगले. डिमेट्रियस कोमिनो या लंडनमधल्या उद्योजकाने १९४० च्या दशकात ही पट्टी काढली तीच मुळी मांडणी मोडली तरी तुकडे पुन्हा वापरता यावेत म्हणून. गावातलं वाचनालय, शाळेची प्रयोगशाळा, शेतकरी उत्पादक कंपनीचं बियाण्यांचं गोडाऊन अशा ठिकाणी ते वर्षानुवर्षं टिकतात. देताना उंची सहा फुटांच्या आत ठेवा आणि भिंतीला पक्के करून द्या. लहान मुलं त्यावर चढणार हे धरून चाला. पॅलेटचे उंच रॅक मात्र शाळेला देऊ नका. साधे पावडर कोटिंगचे रॅक शीतगृहालाही देऊ नका, तिथल्या ओलाव्याला गॅल्व्हनाइज्ड लागतात.

लाकडी पॅलेटवरचा गव्हाच्या कणसाचा शिक्का बघा. त्यात एचटी असेल तर लाकूड फक्त तापवलेलं आहे, बाक किंवा कपाट करायला हरकत नाही. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. ते घरात, चुलीत, भाजीच्या वाफ्यात नको. फोर्कलिफ्टची मेलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी गल्लीतल्या भट्टीवाल्याला न देता २०२२ च्या बॅटरी नियमांप्रमाणे उत्पादकाकडे किंवा नोंदणीकृत रिसायकलरकडे द्या. हायड्रॉलिकचं आणि जनरेटरचं काळं तेल हे धोकादायक टाकाऊ आहे, ते गटारात तर नाहीच, पण रॅकला गंज लागू नये म्हणून फासायलाही वापरू नका.

जागेचा ताबा देणं

अँकरचा रॉड फरशीच्या खाली पाच-सहा मिमी कापा. वर ठेवलात तर पुढच्याच्या पॅलेट ट्रकचं चाक त्यावर अडकतं. भोकं हवेने स्वच्छ करून इपॉक्सी किंवा न आकसणाऱ्या ग्राउटने भरा. ट्रायमिक्सच्या (यंत्राने पाणी काढून घट्ट केलेल्या काँक्रीटच्या) फरशीवर साधं सिमेंट भरलं की महिन्याभरात निघून येतं. जुन्या गाळ्यांवर सिमेंटचे पत्रे असतात, पंखे किंवा दिवे काढायला कोणालाही त्यावर पाय ठेवू देऊ नका, ते तुटून माणूस खाली येतो. मालकासोबत एकत्र फेरी मारा, प्रत्येक भिंतीचा आणि फरशीच्या पट्ट्याचा फोटो काढा, आणि ताबा पावतीवर किल्ल्यांची संख्या, मीटरचं रीडिंग आणि डिपॉझिट परतीची तारीख लिहूनच सही करा.

नव्या जागी उभं करणं

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्या. खांबाची ताकद फक्त पोलादावर नसते, दोन बीममधल्या उभ्या अंतरावरही असते. अंतर वाढलं की खांब सहज बाकदार होतो. जुन्या जागी पहिला बीम दीड मीटरवर होता आणि नव्या जागी उंच पॅलेटसाठी तो अडीच मीटरवर नेला, तर तोच खांब, तेच पोलाद, पण बोर्डावरचं वजन आता खोटं ठरतं. मजल्यांची उंची बदलणार असेल तर कंपनीकडून किंवा स्ट्रक्चरल इंजिनियरकडून नवं वजन काढून घ्या. नव्या फरशीचं काँक्रीट किती जाड आहे हेही त्यालाच विचारा, बेसप्लेटखालचा सगळा भार तेवढ्या जागेत उतरतो.

उभं करताना आधी दोन फ्रेम आणि एक खण पूर्ण लावून ओळंबा धरा. युरोपातल्या उभारणीच्या मानकाप्रमाणे साध्या फोर्कलिफ्टच्या रॅकमध्ये उंचीच्या साडेतीनशेव्या भागापर्यंत कल चालतो: सात मीटरला २० मिमी. जास्त असेल तर बेसप्लेटखाली स्टीलची शिम, लाकडाची पाचर नाही. सगळे बीम बसले, प्रत्येक लॉक पिन लागली, ओळंबा ठीक आला की मग अँकर मारा. पिना मोजा: १६० हव्या असतील तर १६०. एक जरी कमी असेल तर फोर्कलिफ्टच्या काट्याने खालून उचललेला बीम सुटून येऊ शकतो. मार्गाच्या तोंडाशी असलेल्या खांबांना नवे गार्ड लावा, जुने बहुधा मार खाऊनच संपलेले असतात.

भरताना खालून वर. पंधरा दिवसांनी पुन्हा फिरून नट कसा आणि ओळंबा बघा. भार बसल्यावर थोडा फरक पडतोच. मग नवा वजनाचा बोर्ड रांगेच्या टोकाला डोळ्यांच्या उंचीवर लावा. त्यावर नव्या मजल्यांची उंची, प्रति मजला आणि प्रति खण वजन असू द्या. जुना बोर्ड, जुनं ड्रॉइंग आणि पट्टी लावून काढलेली तपासणीची पानं त्याच फाईलमध्ये ठेवा, पहिल्या पानावर नवा पत्ता आणि तारीख लिहा, आणि फाईल स्टोअर इन्चार्जच्या हातात द्या.